चाकू, बशी आणि कॅमेरा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

१९३८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातून चार माणसे प्रवासाला निघाली. त्यांत एक वास्तुरचनाकार होता, एक ऑस्ट्रियात जन्मलेला संगीतज्ञ होता, एक ध्वनियंत्र चालवणारा आणि एक हरकाम्या मदतनीस. बरोबर तबकडीवर आवाज कोरणारे एक जड यंत्र, ते चालवायला जनित्र, कोऱ्या तबकड्यांच्या पेट्या, फोटोचा कॅमेरा आणि हलती चित्रे टिपणारा एक छोटा कॅमेरा. बोटीने ते रेसिफे बंदरात उतरले आणि पुढचे पाचएक महिने देशाच्या ईशान्य आणि उत्तर भागात गावोगाव हिंडले. डोक्यावर पियानो वाहून नेताना पावले सांभाळण्यासाठी गाणारे हमाल, बैलाचे सोंग नाचवणारे शेतमजूर, देवतांना अंगात बोलावणारे ढोलकरी, जे भेटतील त्यांचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले. तीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले.

ही मोहीम ज्याने आखली तो स्वतः मात्र गावी राहिला होता. मारियो द आंद्राद हे त्याचे नाव. तो कवी होता, कादंबरीकार होता आणि त्या वेळी साओ पावलो नगरपालिकेच्या संस्कृती विभागाचा प्रमुख होता. दहा वर्षांपूर्वी तो याच मुलखात कागद-पेन्सिल घेऊन फिरला होता आणि लोकांच्या तोंडची गाणी त्याने उतरवून घेतली होती. शब्द कागदावर येतात, सूरही स्वरलिपीत कसाबसा येतो, पण गाणाऱ्याचा दम कागदावर येत नाही, हे त्याला तेव्हाच कळले असणार. कवीला ते लवकर कळते. मुशायऱ्यात ज्या शेरावर मंडप डोक्यावर घेतात, तोच दुसऱ्या दिवशी छापलेला वाचला की मुका वाटतो.

मोहीम वाटेत असतानाच आंद्रादची खुर्ची गेली. १९३७ च्या नोव्हेंबरात जेतुलियो व्हार्गासने हुकूमशाही आणली होती; तिचे वारे नगरपालिकेपर्यंत पोचले. चौघे जण जुलैत सामान घेऊन परतले तेव्हा त्यांना पाठवणारा माणूस जागेवर नव्हता. आंद्राद १९४५ साली वारला. त्याची शिष्या ओनेदा आल्व्हारेंगा हिने नगरपालिकेच्या ध्वनिसंग्रहालयात त्या तबकड्या वर्षानुवर्षे जपल्या, त्यांच्या याद्या केल्या, म्हणून त्या उरल्या. सामान्य माणसाला त्या ऐकायला मिळाल्या त्या फार उशिरा. त्यातल्या निवडक गाण्यांचा सहा सीडींचा संच ब्राझीलमध्ये निघाला तो २००६ साली.

या मोहिमेतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. रेसिफेत त्या काळी आफ्रिकी देवतांची पूजास्थाने पोलिसांनी बंद पाडली होती. तिथले ढोल, मूर्ती, पूजेची भांडी जप्त करून ठेवली होती. आता नगरपालिकेची माणसे आली म्हटल्यावर खास परवानगी काढून त्याच पुजाऱ्यांचे गाणे मुद्रित झाले आणि जप्त केलेल्या वस्तू पोलिसांकडून संग्रहालयासाठी मिळाल्या. म्हणजे एका हाताने ढोल हिसकावायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचा आवाज जपून ठेवायचा. ब्राझीलच्या संगीताचे चित्रण करणाऱ्यांना हे कोडे पुढेही सतत भेटत राहिले.

ब्राझील म्हटले की आपल्याला फुटबॉल आठवतो, मग पिसांचे मुकुट घातलेला कार्निव्हलचा नाच. त्या नाचामागचा सांबा हा पूर्वीच्या गुलामांच्या वस्तीतून आलेला आहे. ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली ती १८८८ साली, अमेरिका खंडातल्या सर्व देशांत शेवटी. आज मी बोलणार आहे ते या संगीतावर स्वतःच्या हिमतीवर माहितीपट काढणाऱ्या माणसांविषयी. मी चित्रपटाचा जाणकार नव्हे. गाणे कोणाचे असते, आणि ते गाणाऱ्याच्या मागे काय उरते, एवढ्या कुतूहलाने मी या वाटेला गेलो.

पहिली मोठी गोष्ट ऑर्सन वेल्सची. १९४२ च्या फेब्रुवारीत तो रिओ दि जानेरोला उतरला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ‘सिटिझन केन’ आदल्याच वर्षी आला होता. महायुद्ध चालू होते, दक्षिण अमेरिका आपल्या बाजूला राहावी असे अमेरिकेच्या सरकारला वाटत होते, आणि त्या गोडीगुलाबीचा भाग म्हणून वेल्सला धाडले होते. पैसा आरकेओ या स्टुडिओचा. तेव्हा त्याला स्वतंत्र निर्माता म्हणता येणार नाही. तो स्वतंत्र झाला तो नाइलाजाने. कार्निव्हलचे रंगीत चित्रण त्याने अवाढव्य कॅमेऱ्यांनी केले, रात्रीच्या उजेडासाठी विमानांचा वेध घेणारे लष्कराचे प्रकाशझोत उसने आणले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. हा सांबा येतो कुठून, असे तो विचारू लागला, आणि विचारत विचारत डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्यांत शिरला.

त्याच सुमारास रिओत प्रासा ओन्झे हा चौक पाडून तिथून एक प्रचंड रुंद रस्ता काढायचे काम चालले होते. सांब्याचे बाळपण त्या चौकाच्या आसपास गेलेले. चौकाला निरोप देणारा एक सांबा त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. तो रचणारे एरिव्हेल्तो मार्तिन्स आणि नट ग्रांदे ओतेलो हे दोघेही वेल्सबरोबर काम करत होते. वेल्सने पाडलेला चौक स्टुडिओत उभा केला. हे सगळे ना स्टुडिओवाल्यांना आवडले, ना व्हार्गासच्या प्रचारखात्याला. पडद्यावर काळी माणसे फार दिसताहेत, झोपड्या फार दिसताहेत, अशी दोन्हीकडची तक्रार. मेमध्ये आणखी एक आघात झाला. जांगादा नावाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून फोर्तालेझाहून रिओपर्यंत एकसष्ट दिवस समुद्र तुडवत आलेले चार कोळी वेल्सच्या चित्रपटात होते. आदल्या वर्षी ते खरोखरच आले होते, आपली गाऱ्हाणी राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घालायला. त्या आगमनाचे पुन्हा चित्रण करताना त्यांचा म्होरक्या जाकारे समुद्रात बुडाला. महिनाभरात स्टुडिओतला कारभार बदलला आणि पैसा बंद झाला. जेमतेम दहा हजार डॉलर, आवाज न टिपणारा एक कॅमेरा आणि चार-दोन माणसे घेऊन वेल्स फोर्तालेझाला गेला आणि कोळ्यांची गोष्ट पुरी करून आला. चित्रपट मात्र कधीच पुरा झाला नाही. रिळांचे डबे १९८०च्या दशकात एका गुदामात मिळाले आणि १९९३ साली त्यावरून एक माहितीपट निघाला. त्यात कोळी पुष्कळ दिसतात, सांबा फार थोडा. कार्निव्हलच्या चित्रणाचा बराच भाग तोवर नाहीसा झाला होता.

वेल्सकडे प्रतिभा कमी नव्हती. त्याच्याकडे नव्हते ते यंत्र. गाणाऱ्या माणसासमोर बसून चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपायचे, तेही गल्लीत, खानावळीत, परसात, हे १९४२ साली अशक्यच होते. गाणे स्टुडिओत आधी मुद्रित करायचे आणि मग त्यावर ओठ हलवायचे. १९६० च्या आगेमागे खांद्यावर घेता येणारे सोळा मिलिमीटरचे कॅमेरे आणि नाग्रा नावाचे स्विस ध्वनिमुद्रणयंत्र आले, आणि माहितीपटाची दुनियाच पालटली. रिओत १९६२ साली आर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकाने युनेस्कोच्या मदतीने एक शिबिर घेतले. नाग्रा यंत्र तिथल्या तरुणांनी हाताळले ते त्या शिबिरात. शिकणाऱ्यांत व्लादिमिर हेर्झोग नावाचा एक तरुण होता. रिओच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांवर त्याने एक छोटा माहितीपट केला, पुढे तो पत्रकार झाला, आणि १९७५ साली लष्कराच्या कोठडीत त्याला ठार मारण्यात आले. १९६४ पासून १९८५ पर्यंत ब्राझीलमध्ये लष्कराचे राज्य होते. ज्या माहितीपटांविषयी मी पुढे सांगणार आहे, त्यांतले तीन त्याच काळात चित्रित झाले.

आता पियेर बारूकडे येतो. हा फ्रेंच माणूस गीतकार होता, गायक होता, थोडाफार नटही. तुर्कस्तानातून पॅरिसला आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला. महायुद्धात नाझींपासून वाचवण्यासाठी त्याला एका खेड्यात लपवून ठेवले होते. पंचविशीत तो भटकत लिस्बनला गेला. तिथे त्याला सिव्हुका नावाचा ब्राझिलियन अकॉर्डियनवादक भेटला आणि त्याच्याकडून बोसा नोव्हा या नव्या संगीताची ओळख झाली. मग मालवाहू बोटीने बारू ब्राझीलला गेला. पुढे पॅरिसमध्ये कवी व्हिनिसियस द मोराएस आणि गिटारवादक बादेन पॉवेल यांच्याशी त्याची मैत्री जुळली. (स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलवरून बापाने मुलाचे नाव ठेवले होते, म्हणून हे नाव.) या दोघांच्या एका सांब्याचे बारूने फ्रेंच रूपांतर केले. ब्राझीलच्या एकेका रचनाकाराचे नाव घेऊन त्याला सलाम करणारे ते गाणे क्लोद ललूशच्या १९६६ सालच्या ‘अ मॅन अँड अ वुमन’ या चित्रपटात आले आणि जगभर गेले. त्या यशाच्या बळावर बारूने आपली छोटी रेकॉर्ड कंपनी चालवली. तिचे नाव ‘सारावा’. आफ्रिकी वंशाच्या ब्राझिलियनांच्या पूजेत हा शब्द अभिवादनासाठी येतो. आपल्या ‘सलाम’सारखाच, त्यात सलामतीची इच्छाही आहे.

१९६९ च्या फेब्रुवारीत बारू रिओत होता. पटकथा नाही, परवाने नाहीत, हातात मोजके दिवस. ओळखीचा धागा एकच, बादेन पॉवेल. त्याने ‘सारावा’ याच नावाचा माहितीपट चित्रित केला. तो पाहताना वाटते, कॅमेऱ्याला कोणी तरी दोस्ताच्या घरी जेवायला नेले आहे. एका प्रसंगात टेबलाशी पिशिंगिन्या बसला आहे. वय एकाहत्तर, हातात सॅक्सोफोन, अंगावर सूट. १९२२ साली आपले वादकांचे पथक घेऊन तो पॅरिसला गेला होता. काळ्या वादकांनी परदेशात देशाचे नाव काढायला जावे, हे तेव्हा ब्राझीलच्या वृत्तपत्रांतल्या काहींना सोसले नव्हते. शेजारी जोआंव द बायाना, वय एक्याऐंशी. त्याच्या हातात जेवणाची बशी आणि चाकू. बशीच्या काठावर तो चाकू घासतो आणि त्या खरखरीतून अशी लय निघते की ऐकणाऱ्याच्या मांडीवरची बोटे आपोआप हलतात.

ही बशी मुद्दाम सांगितली. जोआंवचा जन्म १८८७ चा, म्हणजे गुलामगिरी रद्द होण्याच्या आदल्या वर्षीचा. आई बाहिया प्रांतातली, म्हणून तो ‘बायाना’. खंजिरीसारखे पांदेइरो हे त्याचे खरे वाद्य. तरुणपणी एका जत्रेत पोलिसांनी ते हिसकावून घेतले होते. सांबा वाजवणारा काळा पोरगा म्हणजे उडाणटप्पू, एवढा हिशेब पोलिसांना पुरे होता. त्याला मेजवान्यांत वाजवायला बोलावणाऱ्या पिन्येइरो माशादो या बड्या सेनेटरला हे कळले. त्याने नवे पांदेइरो करवून त्यावर आपल्या नावानिशी शाबासकीचा मजकूर कोरून दिला. मग पोलीस आले की जोआंव वाद्य पुढे करायचा. वाद्यालाच परवाना करून घेतल्याचा हा किस्सा तो म्हातारपणीही सांगत असे. रिओच्या चित्र-ध्वनी संग्रहालयाने १९६६ साली जुन्या कलावंतांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली तेव्हा पहिला मान त्यालाच दिला. बशी आणि चाकू मात्र कोणी जप्त करत नाही. ते स्वयंपाकघरातच असतात.

दुसरा प्रसंग समुद्राकाठच्या बारमधला. सव्वीस वर्षांचा पावलिन्यो द व्हिओला आणि बावीस वर्षांची मारिया बेतानिया. दोघे गाताहेत, हसताहेत, जुन्या सांब्यांची एकमेकांना आठवण देताहेत. आता या फेब्रुवारीचा संदर्भ लक्षात घ्या. दोनच महिन्यांपूर्वी, १३ डिसेंबर १९६८ रोजी, लष्करी सरकारने पाचवा वटहुकूम काढून संसद बंद केली होती आणि राजकीय कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क काढून घेतला होता. डिसेंबरच्या अखेरीस दोन गायकांना पकडले; त्यांतला एक जिल्बेर्तो जिल आणि दुसरा कायतानो व्हेलोजो, या बेतानियाचा सख्खा भाऊ. कार्निव्हल संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, त्यांना सोडले, पण शहराबाहेर जायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी दोघांना लंडनची वाट धरावी लागली. व्हिनिसियस हा पेशाने राजनैतिक अधिकारी. त्यालाही १९६९ सालीच परराष्ट्र सेवेतून काढून टाकले. हे ठाऊक असताना त्या टेबलावरचे हसू निराळे दिसते. या मुलीने ‘गा’ म्हटल्यावर गायले, हे मला धैर्याचे वाटते. काहींना ते तसे वाटणार नाही.

चित्रपटात बादेन पॉवेल आफ्रिकेतून आलेले ठेके गिटारवर समजावून देतो. तो बाहियात जाऊन पूजेतली गाणी ऐकून आला होता आणि व्हिनिसियसबरोबर त्या धर्तीचे सांबे रचले होते. बाहियाचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथल्या साल्वादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी १९४९ साली, गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, कार्निव्हलसाठी एक पथक काढले. त्याचे नाव ‘फिल्योस द गांदी’, म्हणजे गांधींची लेकरे. पांढरे कपडे, डोक्याला टॉवेलचे पांढरे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, आणि तोंडी आफ्रिकी देवतांची गाणी. हे पथक मोडकळीला आले तेव्हा लंडनहून परतलेला जिलच त्यात सामील झाला आणि त्याला पुन्हा उभारी आली. त्याच शहरात १८३५ साली, रमजानच्या एका रात्री, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या मुसलमान गुलामांनी बंड केले होते. माले म्हणत त्यांना. अरबी लिहिता-वाचता येणारी माणसे ती. त्यांच्याजवळचे अरबी कागद पुढे त्यांच्याविरुद्धच पुरावा ठरले. १९७९ साली निघालेले एक कार्निव्हल पथक त्यांचे नाव अभिमानाने लावते.

बादेनचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. आयुष्याच्या अखेरीस तो कडव्या प्रोटेस्टंट पंथात गेला आणि ‘सारावा’ हा शब्द उच्चारणे त्याने सोडून दिले. स्वतःच्याच गाण्यातला तो शब्द तो गाळू लागला. माणसाने आपली श्रद्धा बदलली तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? तो २००० साली वारला. पिशिंगिन्या १९७३ साली एका बारशाला गेला असताना चर्चमध्येच कोसळला आणि गेला. जोआंव द बायाना त्यानंतर वर्षभरात, वृद्ध कलावंतांच्या आश्रमात. बारू २०१६ साली. हे सगळे एका टेबलाशी बसलेले दिसतात ते त्या फेब्रुवारीतच.

हा माहितीपट स्वस्तात झाला याचे एक कारण ऐकायला रुक्ष आहे, पण ते कळल्याशिवाय या धंद्याची मेख कळत नाही. चित्रपटात एखादी जुनी रेकॉर्ड वाजवायची तर दोन परवानग्या लागतात. एक गाण्याच्या रचनेची. ती रचनाकाराकडे किंवा बहुधा त्याच्या प्रकाशकाकडे असते. दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. ती रेकॉर्ड कंपनीकडे. दोघांचे दर वेगवेगळे. माणूस समोर बसून गायला तर दुसरी परवानगी लागत नाही. म्हणून खिसा हलका असलेले निर्माते माणसांना टेबलाशी बसवून गायला लावतात. त्यातून जो जिवंतपणा येतो, त्याचे श्रेय आपण दिग्दर्शकाच्या दृष्टीला देतो. थोडे खिशालाही द्यावे.

पण रचना ‘कोणाची’ हा प्रश्न सांब्यात पहिल्या दिवसापासून वादाचा. १९१६ च्या नोव्हेंबरात दोंगा या वादकाने ‘पेलो तेलेफोने’ हे गाणे राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावावर नोंदवले. पुढच्या कार्निव्हलमध्ये ते गाजले आणि भांडण सुरू झाले. सियाता नावाच्या बाहियाकडच्या मावशीच्या घरी जमणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की हे गाणे आम्ही सगळ्यांनी मिळून, तिच्या अंगणात, रात्र-रात्र जागून केलेले. नोंद करणाऱ्याचे झाले, एवढे खरे. अभंगात ‘तुका म्हणे’ असते, गझलेच्या मक्त्यात शायर आपले नाव ओवतो. सांब्याला अशी नाममुद्रा नव्हती, त्यामुळे तो विकायला सोपा होता. गरजू माणूस शंभर-दोनशेला अख्खा सांबा विकायचा किंवा अर्धी भागीदारी. पिशिंगिन्यासारख्या माणसालाही १९४०च्या दशकात पैशांच्या अडचणीपायी आपल्या अनेक रचनांवर बासरीवादक बेनेदितो लासेर्दाचे नाव सहरचनाकार म्हणून लावू द्यावे लागले. १९४० साली लिओपोल्ड स्टोकोव्हस्की हा बडा वाद्यवृंदसंचालक बोटीने रिओला आला असताना बोटीवरच त्याने पिशिंगिन्या, दोंगा, जोआंव, कार्तोला यांची गाणी मुद्रित करून घेतली. अमेरिकेत त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या. कार्तोलाच्या वाट्याला त्यातून आले ते सिगारेटच्या दोन-तीन पाकिटांपुरते पैसे, असे सांगतात.

विकणाऱ्यांतला आणखी एक म्हणजे नेल्सन काव्हाकिन्यो. बारूने ‘सारावा’ चित्रित केला त्याच १९६९ साली लिओन हिर्शमन या दिग्दर्शकाने त्याच्यावर तेराएक मिनिटांचा कृष्णधवल लघुपट केला. नेल्सन तरुणपणी घोडेस्वार पोलीस होता. मांगेइरा टेकडीवर गस्तीला जायचा, तिथल्या सांबावाल्यांत बसून प्यायचा, आणि वाट पाहून कंटाळलेला घोडा एकटाच ठाण्यावर परत जायचा, असा किस्सा आहे. गिटार तो फक्त दोन बोटांनी छेडायचा. हिर्शमनने त्याला सजवले नाही. घोगरा आवाज, दारू, पडके अंगण, बघत उभी राहिलेली मुले, गुत्त्यातला मंद उजेड. कोणी निवेदक येऊन हा थोर माणूस आहे असे सांगत नाही. तेरा मिनिटांनी आपल्याला ते कळलेले असते. दारिद्र्याचे चित्रण करताना कणव दाखवायचा मोह आवरणे फार अवघड. आम्हा कवींना तर फारच.

हिर्शमनने १९७६ साली ‘पार्तिदो आल्तो’ या नावाचा दुसरा लघुपट चित्रित केला. पार्तिदो आल्तो हा सांब्याचा प्रकार असा की, ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचे आणि मधल्या ओळी एकेकाने तिथल्या तिथे जुळवायच्या. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याची आठवण यावी असा. समजावून सांगणारा आहे कांदेया. हा पूर्वी पोलीस खात्यात कडक म्हणून प्रसिद्ध होता. १९६५ साली रस्त्यावरच्या भांडणात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतरचे आयुष्य चाकांच्या खुर्चीत, आणि उत्तम गाणी त्यानंतरची. १९७५ साली त्याने ‘किलोंबो’ नावाची नवी सांबा मंडळी काढली. किलोंबो म्हणजे पळून गेलेल्या गुलामांची जंगलातली वस्ती. कार्निव्हलच्या मिरवणुका तोवर पर्यटकांचा तमाशा झाल्या होत्या. सजावट करणारे बाहेरून, गाणी लांबीने कापलेली, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना मिरवणुकीत जागा नाही, ही त्याची तक्रार. ती त्याने पुस्तकातही मांडली.

लघुपटात कांदेया खुर्चीत बसून हात हलवत फरक दाखवतो, हे असे आणि ते तसे. मग कॅमेरा पोर्तेला मंडळीतल्या जुन्या खोडांच्या मैफलीत जातो. अंगणात जेवणाची पंगत बसली आहे, भांड्यांचा आवाज, बायका टाळ्यांनी ठेका धरताहेत, एक जण ओळ टाकतो, दुसरा उचलतो, तिसऱ्याला काही सुचत नाही आणि सगळे हसतात. कॅमेरा माणसांच्या मधून वाट काढतो, कधी उशिरा पोचतो. अंगणातल्या बैठकीत ओळ कोणाकडून येणार हे आधी ठाऊक नसतेच. अंगणातल्या त्या दुपारी गाण्याचा मालक शोधून दाखवा म्हटले तर वकिलाची त्रेधा उडेल.

हे चित्रण होऊनही लघुपट पुरा व्हायला सहा वर्षे गेली. तो १९८२ साली आला, फक्त बावीस मिनिटांचा. कांदेया १९७८ सालीच वारला होता. त्याने तो पाहिला नाही. हिर्शमन १९८७ साली एड्सने गेला, पन्नाशीही न गाठता. त्याच्या चित्रपटांची रिळे पुढे त्याच्या मुलांनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी मिळून डिजिटल तंत्राने दुरुस्त करून घेतली, म्हणून ती आज बघता येतात. सगळ्यांचे असे नशीब नसते. २०१८ साली रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तीत आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणे जळाली. आता त्यांतल्या काही भाषा बोलणारे कोणी नाही. २०२१ साली साओ पावलोत राष्ट्रीय चित्रपट संग्रहाच्या गुदामाला आग लागली.

नंतरच्या काळात या वाटेने पुष्कळ जण गेले. फिनलंडचा मिका काउरिस्माकी रिओतच राहिला आणि २००२ साली ‘मोरो नो ब्राझील’ व २००५ साली शोरो संगीतावरचा ‘ब्राझिलेरिन्यो’ करून मोकळा झाला. साओ पावलोत २००९ पासून निव्वळ संगीतावरच्या माहितीपटांचा महोत्सव भरतो. कॅमेरे स्वस्त झाले. हक्कांचे दर झाले नाहीत.

स्पेनचा फर्नांदो ट्रुएबा याचे काम मला यात वेगळे वाटते. तेनोरियो ज्युनियर या पियानोवादकाचा एक जुना तुकडा त्याने ऐकला आणि हा कोण म्हणून चौकशी सुरू केली. तेनोरियो १९७६ च्या मार्चमध्ये व्हिनिसियसच्या ताफ्याबरोबर ब्युनोस आयर्सला गेला होता. एका रात्री हॉटेलबाहेर पडला तो परतलाच नाही. अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली ती त्यानंतर आठवड्याभरात. राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ट्रुएबाने शंभराहून अधिक माणसांना बोलते केले. पण ज्याच्याविषयी सगळे बोलताहेत त्याची हलती चित्रे जवळजवळ नाहीतच. अखेर माहितीपटाऐवजी त्याने हाविएर मारिस्कालबरोबर रेखाटनांचा चित्रपट केला, खऱ्या मुलाखतींचे आवाज ठेवून. तो २०२३ साली आला. तेनोरियोच्या देहाची ओळख पटली ती २०२५ साली, तो नाहीसा झाल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी. चित्रपटात बोललेला पियानोवादक जोआंव दोनातो त्याआधी दोन वर्षे वारला होता.